हीट नंबर नसलेली माहिती

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमुळे वाचन संपत चाललं आहे, असा सूर असलेला लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे, पण त्यांनी मोबाइलमध्ये वाचण्यासारखं काय आहे ते पाहिलेलं दिसत नाही. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. शिक्षण डिप्लोमापर्यंत, वाचन हाताला लागेल ते. त्यातलं निम्मं आता पडद्यावर होतं आणि त्याच्यामुळे कागदावरचं वाढलं आहे. तक्रार माझीही आहे, पण ती वेगळी.

आपल्या किरणोत्सवाचंच घ्या. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर सरकत मुखापर्यंत पोचतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण याच तारखा का? नोव्हेंबर तोंडावर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी चुंबकीय शक्ती सांगतं, कुणी परदेशी शास्त्रज्ञ चकित झाल्याचं सांगतं. आमच्या मोल्डिंगमधल्या एका पोराला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, हे कशावरून रे? तो म्हणाला, "सायेब, ग्रुपवर आलंय की!" त्याच्या दृष्टीने विषय संपला.

स्टेलॅरियम नावाची एक फुकट प्रणाली आहे. गाव आणि तारीख घातली की त्या दिवसाचं आकाश पडद्यावर उभं करते. त्यात कोल्हापूर आणि १० नोव्हेंबरची संध्याकाळ घातली. सूर्य मावळतो ती दिशा उत्तरेपासून मोजली तर साधारण २५२ अंश येते, म्हणजे थेट पश्चिमेपासून दक्षिणेकडे अठराएक अंश सरकलेली. मग १ फेब्रुवारी घातली. सूर्य जवळपास त्याच जागी मावळतो. का, ते कॅलेंडर बघूनही कळतं. सूर्य दक्षिणेला सर्वांत लांब जातो तो २१-२२ डिसेंबरला. १० नोव्हेंबर त्याच्या आधी सुमारे सहा आठवडे आणि १ फेब्रुवारी त्याच्यानंतर तितकीच. जाताना एकदा आणि परत येताना एकदा सूर्य त्याच रेषेवर येतो. बांधणाऱ्यांनी हे नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं क्षितिजाकडे बघून हेरलं असणार, आणि मला चुंबकीय शक्तीपेक्षा हीच गोष्ट जास्त थक्क करते. देवळात उभं राहून नीट बघा: सूर्य जसजसा खाली जातो तसतशी तिरीप वर चढते. ढग, धूळ, हवेतली वाफ, मधे आलेली एखादी टाकी किंवा गच्ची, यांतलं काहीही तिला अडवतं. हे समजल्यावर माझा नमस्कार कमी झालेला नाही.

आता माझी तक्रार. आमच्याकडे प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागावर, हीट नंबर असतो. त्यावरून तो माल कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून ओतला, स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूत काय काय आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या, रिपोर्टमध्ये कार्बन-सिलिकॉन किती होतं, ते सगळं मागे जाऊन काढता येतं. नंबर नसेल तर माल वरून कितीही गुळगुळीत असो, आम्ही पुढे सोडत नाही, कारण ब्लो होल, म्हणजे आत दडलेली पोकळी, निघतं ते गिऱ्हाइकाकडे, मशीनिंगला लावल्यावर. आपल्याकडे फिरणारी बहुतेक माहिती अशी बिननंबरी आहे. ती कागदावर आहे की पडद्यावर, याने फरक पडत नाही. छापील स्मरणिकांतही बिननंबरी माल भरपूर सापडतो आणि, राग मानू नका, वर्तमानपत्रांतल्या 'हे माहीत आहे का?'च्या चौकटींतही.

या बाबतीत मला आदर आहे तो मराठी विश्वकोशाबद्दल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून हे काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली आला. आज विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. कुठलीही नोंद उघडा, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि मोठ्या नोंदींखाली संदर्भग्रंथही. छापील खंडात काही शब्दांच्या आधी छोटा बाण दिसतो, म्हणजे त्या विषयावर वेगळी नोंद आहे, तिकडे जा. लिंकवर लिंक उघडत मध्यरात्र करण्याची सवय मला नेटने लावली असं घरचे म्हणतात. खरं तर ती त्या बाणांनी लावली. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, आणि त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी उभारली. ज्ञानकोशाचे शेअर घेणारी माणसं या महाराष्ट्रात होती, हे मला अजून खरं वाटत नाही.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ, लिहिणारे मोजके. तिथे बिनपुराव्याच्या वाक्यापुढे कुणीही 'संदर्भ हवा' असा शिक्का मारू शकतो. असा शिक्का मला घरोघरच्या गप्पांत मारता आला असता तर बरं झालं असतं, विशेषतः लग्नाच्या पंगतीत.

हल्लीच्या चॅटबॉटचं मात्र वेगळंच दुखणं. खिद्रापूरला जायच्या आधी मी एकाला कोपेश्वर मंदिर कुणी बांधलं ते विचारलं. फर्डं मराठी, एका दमात उत्तर. तोच प्रश्न जरा फिरवून विचारला तर शतक बदललं, आत्मविश्वास तोच. मग आम्ही कुरुंदवाडवरून गाडी काढली आणि कृष्णाकाठी जाऊन पाहिलं. देवळावर यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे, म्हणजे देऊळ तेव्हा उभं होतं. दगडावरचा हा हीट नंबर कुणाला पुसता आलेला नाही. ज्यांनी ते घडवलं ते शिलाहार राजे, असं अभ्यासक मानतात.

तिथला स्वर्गमंडप ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जावंच. गोल मंडप, मधोमध छताला भलंमोठं गोल भोक, त्याच्याभोवती बारा खांब, आणि बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. दुपारी उन्हाचा गोळा मंडपात सरकताना दिसतो. शिळेवर उभं राहून वर बघितलं की मान दुखेपर्यंत खाली बघवत नाही. बाहेर पायाशी हत्तींची रांग आहे. बहुतेकांच्या सोंडा फुटलेल्या, पण पाठीवरचे स्वार निरनिराळे. माझी मुलगी एकेका स्वाराचे फोटो काढत देवळाला फेरी घालून आली. त्रिपुरारी पौर्णिमेला तिथे गर्दी होते, कारण मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या भोकाच्या वर येतो. यामागचं गणितही किरणोत्सवाच्याच घरचं आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला गेलेला, म्हणून चंद्र तितकाच उत्तरेला, आणि खिद्रापूरचा अक्षांश साडेसोळाच्या आसपास, म्हणून तो जवळजवळ डोक्यावर. फार तर काही अंश इकडे-तिकडे.

अशा गोष्टी मराठीत सांगणारा माणूस आठवायचा तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. १९३८ साली त्यांचा जन्म कोल्हापूरचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या मोठ्या नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून, आणि बक्षीस मिळालंच. विज्ञान आणि साहित्य अशी कपाटं वेगळी ठेवणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे. (त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातली चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यांत नाही, हे कोल्हापूरकर म्हणून जरासं लागतं. असो.)

मुद्दा असा की मोबाइलवर मराठीत जे नाही ते आपणच तिथे ठेवलेलं नाही. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमशी चालणाऱ्या व्यापाराची ती खूण. हातात मावेल एवढी ही मूर्ती आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. बागेत भेळ खायला जाणाऱ्या किती जणांनी ती पाहिली? आणि ज्यांना घरबसल्या वाचायचं आहे त्यांना मराठीत चार ओळींपलीकडे नीट काही मिळत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. ज्या शहरात इतक्या आधीपासून पुस्तकं जमत आली, तिथल्या कपाटांत काय काय असेल! घरोघरच्या पेट्या वेगळ्याच.

आणि हे सगळं पंचगंगेच्या काठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भिजलेलं पुस्तक एकवेळ वाळतं, पण त्यातली आर्ट पेपरची चित्रं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. ओढली तर रंग समोरच्या पानावर जातो. आमच्या गल्लीतल्या एका घरातून असे गठ्ठे घंटागाडीत गेले. त्यांत एका जुन्या शाळेच्या स्मरणिका होत्या. आता त्या दुसरीकडे कुठे असतील तर असतील.

उपाय खर्चाचा नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. अशी पुस्तकं स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच घरच्या खुल्या ग्रंथालयावर, चढवता येतात. मशीन अक्षरं ओळखतं, पण 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म' करतं, अनुस्वार गिळतं. ते माणसाने निस्तरायचं. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकाने तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतः तपासलेलं पान स्वतः हिरवं करता येत नाही. हा नियम ज्याने केला तो आमच्या क्वालिटी विभागात शोभला असता. रात्रपाळीहून आल्यावर झोप येईपर्यंत मी एक-दोन पानं करतो. जुन्या वळणाचं मराठी अक्षर अक्षर बघत वाचावं लागतं, तेव्हा लेखकाने स्वल्पविराम कुठे दिला तेही ध्यानात राहतं. वाचन संपलं म्हणणाऱ्यांना मी हे काम सुचवेन.

म्हणून विनंती आहे. शहरातल्या वाचनालयांनी कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या याद्या तरी आधी जाहीर कराव्यात. स्कॅनिंगला माणसं मिळतील, कॉलेजची पोरं आहेत, आम्ही आहोत. आपल्या दैनिकाने चौकटीतल्या माहितीखाली ती कुठून घेतली ते बारीक टाइपात का होईना छापावं. जागा जाते हे कळतं. मग एक चौकट कमी छापा. आणि आपल्याच कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फाइली असतील. साठ वर्षांपूर्वीच्या अंकांतला निनावी मजकूर तरी खुला करायला हरकत नसावी. त्या वेळचे बाजारभाव, कुस्त्यांचे निकाल, पुराच्या बातम्या, नाटक-सिनेमाच्या जाहिराती, सगळं त्यात असणार. परवानगी दिलीत तर साप्ताहिक सुट्टीला कॅमेरा आणि स्टँड घेऊन येतो. फाइली कचेरीबाहेर न्यायची गरज नाही, खिडकीजवळ एक टेबल पुरे. पानांवर सावली पडू नये म्हणून सकाळची वेळ द्यावी.

आपला,
एक वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर