दाखला आजीच्या नावाचा होता

मा. ग्रेग ॲबट,
गव्हर्नर, टेक्सस राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी सॅन अँटोनिओत राहते, इथली मतदार आहे. पत्र मराठीत लिहितेय ते इथल्या मराठी मतदारांनी आधी वाचावं म्हणून. तुम्हाला भाषांतर करून देणारं कोणीतरी मिळेलच. इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या आज्यांनाही मिळतं, बहुतेकदा घरातलंच, आठ वर्षांचं.

दर आठवड्याला मी एका सरकारी शाळेत तिसरीच्या मुलांकडून वाचन करून घ्यायला जाते. परवा एक मुलगी उशिरा, पावणेअकराला आली. आजीला दवाखान्यात इंग्रजी समजावून द्यायला गेली होती. हातात डॉक्टरचा दाखला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. दाखला मुलीच्या नावाचा असता तर हजेरी लागली असती. होता आजीच्या नावाचा. हजेरी दहालाच घेऊन झालेली. मुलगी दुपारी तीनपर्यंत वर्गात बसली, जेवली, धडा वाचला. कागदावर मात्र गैरहजर.

साहेब, तुमचं राज्य शाळांना पैसे पटावर नाही, सरासरी हजेरीवर देतं. अशी राज्यं देशात मोजकीच. मूळ रक्कम विद्यार्थ्यामागे वर्षाला ६,२१५ डॉलर. शाळेच्या दिवसांत वाटली तर त्या मुलीपायी ३५ एक डॉलर गेले. बाईंचा पगार, बस, वर्गातला एसी यांतलं त्या दिवशी काय कमी झालं? महाराष्ट्रात शिक्षकांची पदं पटावर मंजूर होतात. (पट घसरला की शाळाच बंद करायचा घाट घालतात, ते आमचं वेगळं दुखणं.)

राज्यातल्या सुमारे ५५ लाख विद्यार्थ्यांत निम्म्याहून अधिक लॅटिनो आहेत. जानेवारी २०२५मध्ये केंद्राने शाळांच्या आवारात इमिग्रेशनच्या कारवाईवर असलेली बंधनं उठवली. भीतीपोटी मूल घरी राहिलं, तर त्याचाही भुर्दंड शाळेलाच.

हे जुनंच आहे. याच शहरातल्या एजवूड या शाळा-विभागाच्या पालकांनी शाळांच्या पैशांतल्या तफावतीवरून १९६८मध्ये दावा लावला. तिथले बहुतेक विद्यार्थी मेक्सिकन-अमेरिकन. जवळच्याच अलामो हाइट्सपेक्षा जास्त दराने कर भरूनही त्यांच्या स्थानिक करातून विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत. अलामो हाइट्समध्ये ३३३. १९७३मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टात ते ५ विरुद्ध ४ ने हरले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये एजवूडच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा एक पिढी शिकून बाहेर पडली होती.

२०२५मध्ये तुम्ही शाळांना साडेआठ अब्ज डॉलर दिलेत, मान्य. बराचसा भाग पगारवाढीसाठी बांधलेला. मूळ रक्कम सहा वर्षांनी वाढली ती ५५ डॉलरने. त्याच अधिवेशनात खासगी शाळांच्या फीसाठी एक अब्ज काढलेत, मुलामागे दहा हजारांच्या आसपास. तिथे दहा वाजता सरकारसाठी कोण हजेरी घेतं?

पुढचं अधिवेशन जानेवारी २०२७मध्ये आहे. एवढी एकच दुरुस्ती आणा: पटावर नाव आहे, त्याचे पैसे शाळेला. तोवर आजीची तपासणी दर महिन्याला आहे, आणि दुभाषी ती नातच.

आपली,
सॅन अँटोनिओची एक मतदार