फडताळाचा वरचा कप्पा

बेंगळूरु, रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर घराच्या नव्या कॅमेऱ्यांचा आणि त्यांचं रेकॉर्डिंग ठेवायच्या कॉम्प्युटरचा विषय काढला की दोन मिनिटांत गाडी खर्चावर येते. बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून "काय म्हणतेय ती?" असं विचारते आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही याची प्रिंट काढून फाइलला लावणार हे मला माहीत आहे. शुद्धलेखनाच्या चुका नंतर कळवा.

आधी त्या नळांचं. मागच्या अंगणातले पितळी नळ कुणीतरी रातोरात काढून नेले आणि सकाळी टाकी रिकामी झाली तेव्हा आपल्याला पत्ता लागला. पितळ गेलं त्यापेक्षा कॅमेऱ्याने दगा दिला याचं बाबांना जास्त लागलं. मोबाइलवर अंगण स्वच्छ दिसत होतं, पण आधीचं रेकॉर्डिंग काही उघडेना. चौकीतल्या हवालदारांसमोर तुम्ही दहा मिनिटं बोट फिरवत होतात. त्या कॅमेऱ्याच्या पोटातलं मेमरी कार्ड कधीच बाद झालं होतं. दिवसरात्र लिहून-पुसून साधी कार्डं लवकर झिजतात, आणि झिजल्यावर कॅमेरा बोंब मारेलच असं नाही. लाइव्ह दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं आपण धरून चाललो. चूक माझीच. बसवून दिला आणि परत कधी तपासला नाही. तसंही ते 64 जीबीचं कार्ड होतं. धडधाकट असतं तरी त्यात दीड दिवसच मावला असता.

दीड दिवस कसा, ते बाबांसाठी मांडते. आपल्याला घ्यायचे आहेत त्या 4 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला 4 मेगाबिट धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. दिवसाचे सेकंद 86,400. एका कॅमेऱ्याचे रोजचे 43,200 एमबी, म्हणजे ढोबळ 43 जीबी. कॅमेरे चार (फाटक, गाडीची जागा, मागचं अंगण आणि गच्चीचा जिना), म्हणजे रोजचे 173 जीबी. 4 टीबीची डिस्क घेतली तर 4,000 भागिले 173, म्हणजे 23 दिवस. डिस्क भरली की सगळ्यात जुनं आपोआप पुसलं जातं. तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा आई सतराव्या दिवशी परतीचं तिकीट बघायला लागते. तेव्हा 23 पुरेत.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र दाबून साठवायची जुनी पद्धत एच 264, तिच्याऐवजी नवी एच 265 निवडली की साधारण तेवढ्याच स्पष्ट चित्राला बरीच कमी जागा लागते, कधीकधी निम्मीच. ते आपण निवडूच, पण हिशेब मी मुद्दाम जड बाजूने धरलाय. आणि कॉम्प्युटर 4 टीबीची डिस्क 3.6 दाखवेल तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर 1,024 ने. फरक तेवढाच.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करावं, म्हणजे जागा वाचेल, असं बाबा म्हणाले होते. कागदावर बरोबर आहे. पण आपल्या अंगणात हालचाल कसली, तर पारिजातकाच्या फांद्यांची, समोरून वळणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची आणि पावसाची. त्यात कोळी. रात्री किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि बरोबर काचेसमोर जाळं विणतो. मग झुळूक आली की जाळं हलतं आणि कॅमेऱ्याला रात्रभर चोरच चोर दिसतात. उलट खरा माणूस हळू, कडेकडेने गेला तर निसटूही शकतो. म्हणून लिहायचं चोवीस तास आणि हालचालीच्या जागी फक्त खूण करायची. आईने लांब दांड्याचा कुंचा पंधरा दिवसांतून एकदा कॅमेऱ्यांवरून फिरवला की झालं.

आता डिस्क. साध्या डेस्कटॉपच्या डिस्का रोज काही तास कामाच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. त्यांतल्या काहींच्या तपशिलात वर्षाला 55 टीबी एवढाच भार लिहिलेला असतो. आपले 173 जीबी गुणिले 365 म्हणजे 63 टीबी. पहिल्याच वर्षी वर. कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्का वेगळ्या मिळतात, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. त्या चोवीस तास लिहिण्यासाठीच असतात आणि वर्षाला 180 टीबीपर्यंत चालतात. दोन्हींपैकी जी मिळेल ती घ्या, मात्र सील फोडलेली नको आणि बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. बरोबर एक छोटी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) लागेल, ती फक्त सॉफ्टवेअरसाठी. दोन डिस्का लावून एकीची नक्कल दुसरीवर ठेवायची का, असं ऑफिसातल्या एकाने विचारलं. नको. हे बँकेचं खातं नाही. काही घडलं तर तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर काढायचा, बाकी 23 दिवसांचं पारिजातक पुसलं गेलं तरी चालेल.

आणि आता बाबांना न आवडणारा भाग. तुमचा कॉम्प्युटर या कामाचा नाही. सोसायटीचे हिशेब त्याने बारा-तेरा वर्षं चोख सांभाळले हे मान्य, पण त्यावर अजून विंडोज 7 आहे आणि त्याला 2020 च्या जानेवारीपासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. कॅमेऱ्यांसारखी गोष्ट मी त्याच्या हातात देणार नाही. दुसरं म्हणजे, एच 265 चं चित्र उलगडायची सोय इंटेलने सहाव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच दिली. तुमचा तिसऱ्या पिढीचा. नुसतं लिहून ठेवायला त्याला काही वाटणार नाही, पण चित्रात माणूस आहे का मांजर हे ओळखायला सांगितलं की त्याला सगळं हाताने उलगडावं लागेल आणि पंख्याची घरघर तुमच्या वामकुक्षीच्या आड येईल.

तिसरं विजेचं. दिवाळीत मी प्लगमध्ये मीटर लावून बघितलं होतं, आठवतंय? काही न करता तो 68 वॉट खात होता. गुणिले 24, गुणिले 30, म्हणजे महिन्याला 49 युनिट. मी पुढे सुचवतेय तो कॉम्प्युटर 20 वॉटच्या आसपास बसेल, म्हणजे 14-15 युनिट. कॅमेरे आणि त्यांच्या केबली एकत्र जोडणारा स्विच यांचे 18 युनिट दोन्हीकडे सारखेच. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो आणि तुमचं बिल 85 च्या आसपास असतं. थोडी रेघ आपण ओलांडणारच, पण 117 वर जायचं की 152 वर, ते तुम्हीच ठरवा.

मग घ्यायचं काय? दुकानदार म्हणेल सरळ एनव्हीआर घ्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा तयार डबा. खोटं सांगत नाही तो. चार कॅमेऱ्यांना तो डबा पुरतो, वीज कमी लागते आणि शिकायला सोपा. मला त्यात एकच खुपतं. बऱ्याचदा तो एकाच कंपनीच्या अ‍ॅपशी बांधलेला असतो, आणि कंपनीने काही वर्षांनी अपडेट थांबवले की डबा चालतो पण दाराची कडी मोडलेली राहते. कॉम्प्युटर असला की सॉफ्टवेअर बदलता येतं. फ्रिगेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मी इथे माझ्या घरी वापरतेय. माणूस, गाडी, मांजर यांतला फरक ते बऱ्यापैकी ओळखतं आणि चित्र घराबाहेर पाठवत नाही.

मी आधी तळहाताएवढा मिनी पीसी घेणार होते, एन 100 प्रोसेसरचा. वीज अगदी नगण्य. पण कॅमेऱ्यांची ती डिस्क साडेतीन इंची, आणि त्या डब्यात फार तर अडीच इंची मावते. बाहेरून यूएसबीने जोडायची तर तिला वेगळा अडॅप्टर आणि वायर हलली की रेकॉर्डिंग बंद. पुन्हा मेमरी कार्डाचीच कथा. म्हणून ऑफिसांतून निघालेला छोट्या आकाराचा डेस्कटॉप घ्यायचा, आठव्या पिढीचा आय 5, 8 जीबी रॅम. आठवी पिढी अशासाठी की उद्या विंडोज 11 टाकावं लागलं तरी ते चालतं. तपकीर गल्लीतल्या दुकानांकडे जाल तेव्हा झाकण उघडून दाखवायला सांगा, साडेतीन इंची डिस्कची जागा आहे का ते डोळ्यांनी बघा. नावाला छोटे असलेले काही इतके चपटे असतात की आत ती जागाच नसते. बाबा, पट्टी घेऊन जा. तुम्ही नेणारच.

कॅमेरे घेताना दोन गोष्टी विचारा. ओएनव्हीआयएफ चालतं का, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला ते जोडता येतील. आणि एसटीक्यूसीचं प्रमाणपत्र आहे का. 2025 च्या एप्रिलपासून इथे विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची ती चाचणी सक्तीची आहे, जुना माल गळ्यात मारू देऊ नका. वायफायवाले नकोत. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाणारे, पीओईवाले घ्या.

हा कॉम्प्युटरचा डबा ठेवायचा कुठे, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. टीव्हीखाली ठेवला तर चोर टीव्हीबरोबर पुरावाही उचलून नेईल. माळ्यावर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापतो, डिस्कला ते सोसणार नाही. जमिनीवर तर नाहीच. बोळातल्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलीने मारलेली रेघ आहे, माझ्या गुडघ्याच्या थोडी वर, शेजारी "25-9-19, रात्री" असं लिहिलंय. आंबिल ओढा घरात आला होता त्या रात्रीची. रंगकाम झालं तेव्हाही आईने तेवढी वीतभर जागा रंगवू दिली नाही. त्या रेघेच्या वर, मधल्या खोलीच्या फडताळात, वरच्या कप्प्यात डबा ठेवू. पुढे बाबांचे जुने दिवाळी अंक, मागे हवेसाठी चार बोटं जागा. फडताळाच्या दाराला वरखाली भोकं पाडावी लागतील.

इन्व्हर्टरच्या लाइनवर तिन्ही गोष्टी हव्यात, कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा स्विच आणि राउटर. कॅमेरे बंद आणि कॉम्प्युटर चालू, याला काही अर्थ नाही. इन्व्हर्टर बदलताना जो झटका बसतो तेवढ्यासाठी मध्ये लहान यूपीएस. वीज आली की कॉम्प्युटरने आपणहून सुरू व्हावं, ती सेटिंग मी करते. पासवर्ड कालनिर्णयाच्या मागे लिहू नका.

बाबांना दर रविवारी एक काम. आदल्या रात्रीचे तीन वाजताचे दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग लावून बघायचे, चारही कॅमेऱ्यांचे, आणि कोपऱ्यातली वेळ हातातल्या घड्याळाशी ताडायची. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे, तसं.

आता आई, तुझ्याशी. "तू तिकडे बसून आमच्यावर पाळत ठेवणार का?" असं तू विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर ठेवली. नळ जायच्या आधी, दिवाळीनंतर परत आले तेव्हा, पंधरा-वीस दिवस रोज दुपारी मी मागचं अंगण उघडून बघायचे. एकदा तू पायरीवर बसून शेंगा निवडत होतीस. मध्येच थांबलीस, पदर डोळ्यांना लावलास, थोडा वेळ तशीच बसलीस, आणि पुन्हा निवडायला लागलीस. रात्री फोनवर मी विचारलं "काय विशेष?" तर म्हणालीस "काही नाही, शेंगा आल्यात चांगल्या." तू मला सांगायचं नाही असं ठरवलं होतंस, आणि मी चोरून बघून बसले होते. त्यानंतर मी ते अ‍ॅप काढून टाकलं. म्हणूनच कार्ड गेल्याचं मलाही कळलं नाही.

त्यामुळे या वेळी असं: घराच्या आत एकही कॅमेरा नाही, कितीही वय झालं तरी. कुणी पडलं-बिडलं तर काय, याचं उत्तर आपण वेगळं शोधू. रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवरच राहील. बाहेरून बघायची वाट ठेवायची तर ती स्वतंत्र बंदिस्त जोडणीतून, आणि तिचं बटण तुमच्या मोबाइलवर. तुम्ही गावाला गेलात की चालू करा, आलात की बंद. चित्रातल्या ठरावीक भागावर कायमची काळी पट्टी टाकता येते, तिथलं काही साठवलंच जात नाही. शेजारच्या काकूंच्या खिडकीवर ती टाकायचीच आहे. तुळशीपासून पायरीपर्यंतचा तुकडा झाकायचा का, ते तू सांग. नळ त्याच्या डावीकडे आहेत, झाकला तरी नळ दिसतील.

गुरुवारी केबल टाकायला वायरमन येतोय. त्याला चहा दे, कॅमेऱ्यांच्या जागा दाखव आणि केबलची सगळी टोकं मधल्या खोलीत गुंडाळून ठेवायला सांग. पण फडताळाचा विषय त्याच्यासमोर काढू नकोस. पुढच्या शनिवारी मी येतेय, डबा मीच आत ठेवीन.

तुमची,
धाकटी