प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी ड्रेनचा पाईप बघ

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

डिप्लोमाचे निकाल लागले की आमच्या भागात दरवर्षी तेच रडगाणं सुरू होतं, मेकॅनिकल केलं आता पुढं काय, एक तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हीएमसी मशीनवर उभं राहायचं नाही तर पुण्याला जाऊन कंपनीच्या गेटावर बायोडाटा घेऊन फिरायचं. परवा माझा भाचा घरी आला आणि म्हणाला, मामा मला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय, प्रिमाव्हेराचा, म्हणजे ते शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर, त्याचा क्लास लावू काय? त्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलोय, कारण असे भाचे खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी आहेत.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, १४ वर्षं बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये काढली, बहुतेक गोवा आणि बेंगळुरात. सिव्हिलवाले बिल्डिंग उभी करतात आणि आत थंड हवा, पाणी, आगीचे स्प्रिंकलर, पंप हे सगळं आम्ही घालतो. इलेक्ट्रिकल धरून साइटवर याला एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) म्हणतात. आमच्याकडं एसीवाला म्हटलं की लोकांना खिडकीतला एसी साफ करणारा माणूस आठवतो, पण एका मोठ्या हॉस्पिटलला शेकडो टनांचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मोठं मशीन लागतं (हा टन वजनाचा नव्हे, एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद), ७ डिग्रीचं पाणी मजल्यामजल्यावर फिरतं आणि १२ ला परत येतं. पुस्तकात आम्ही हे शिकलो होतो, हवेतल्या उष्णतेचा आणि ओलाव्याचा सायक्रोमेट्रिक चार्ट पण काढला होता, फक्त थंड हवा नेणारा पत्र्याचा डक्ट कधी डोळ्यानं बघितला नव्हता.

आता माझीच एक फजिती सांगतो. गोव्यातल्या एका साइटवर एएचयूच्या (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणारं मशीन) ड्रेन लाईनचं काम माझ्याकडं होतं, म्हणजे हवा थंड होताना ट्रेमध्ये साठणारं पाणी बाहेर नेणारा पाईप. स्लोप मी स्वतः लेव्हल ट्यूब धरून तपासला, शंभराला एक, चोख. शेड्यूलमध्ये त्या ओळीसमोर १०० टक्के लिहून टाकलं, रिव्ह्यू मीटिंगला साहेब खूश. आठ दिवसांनी मशीन चालू केलं तर ट्रेमधलं पाणी बाहेरच पडेना, ब्लोअर बंद केला की भसकन यायचं, परत चालू केला की तुंबायचं, आणि तुंबलेलं पाणी खालच्या नव्या कोऱ्या फॉल्स सीलिंगमधून टपटप. मी पाईपात तार घालून बघितली, फुंकून पण बघितलं. शेवटी एक म्हातारा फिटर होता, तो खाली वाकला, बघितलं आणि म्हणाला, साहब, ट्रॅप किधर है? ब्लोअर आतली हवा ओढतो, त्या ओढीनं पाईपातून उलटी हवा आत येते आणि पाणी अडतं, म्हणून तिथं पाण्यानं भरलेला यू बेंड लागतो, तो मी घातलाच नव्हता. दोन-चार फिटिंग आणि अर्ध्या तासाचं काम, पण त्यासाठी रंग दिलेलं सीलिंग उतरवावं लागलं, सीलिंगवाल्यानं वेगळं बिल लावलं आणि पुढचं तीन दिवसांचं काम अडलं ते वेगळंच.

तर मॅनेजमेंट काय शिकायचं ते मला तिथं कळलं. लॅपटॉपवर १०० टक्के लिहिता येतं, पण त्या १०० टक्क्यात काय काय येतं हे ज्याला माहीत नाही त्याच्या शेड्यूलला काय अर्थ? म्हणून पहिली दोन वर्षं फिटरच्या मागं फिरा. रात्री साइटवरचे दिवे बंद करून डक्टमध्ये हॅलोजन सोडतात आणि जॉइंटमधून उजेड कुठं फुटतोय ते बघत जातात, ते एकदा बघा. सीलिंगच्या वर जागा दीड-दोन फूट, त्यात सगळ्यांची भांडणं, पण ड्रेनला स्लोप लागतो म्हणून त्याला आधी जागा द्यायची, मग मोठा डक्ट, केबल ट्रे वळवता येतो तो शेवटी. स्लॅब भरायच्या आधी पाईपाच्या भोकासाठी स्लीव्ह ठेवायचं विसरला तर नंतर मशीननं भोक पाडायचं, म्हणजे कोअर कटिंग, आणि सिव्हिलवाल्याची बोलणी. आणि हो, चिलरची ऑर्डर काही महिने आधी द्यावी लागते, कन्सल्टंटची मंजुरी त्याच्याही आधी, आणि एक्स्ट्रा काम सांगितलं की आधी पत्र घ्यायचं मग पान्ना उचलायचा. तोंडी सांगितलेल्या कामाचे पैसे आरए बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं लावायचं बिल) मागायला गेलो की समोरचा आपल्याला ओळखत पण नाही, हा अनुभव आहे.

प्रिमाव्हेरा, एमएस प्रोजेक्ट नंतर शिका, महिन्याभरात येतं. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या जाहिराती बघून घाई करू नका, त्या परीक्षेला पदवीधराला साधारण ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, डिप्लोमावाल्याला अनुभव अजून जास्त. अनुभव नसताना देता येते ती त्याच्या खालची कॅपएम परीक्षा, ती पण साइट बघून झाल्यावर दिली तर प्रश्न तरी कळतात.

आणि एक गोष्ट आपल्याच पोरांकडं आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, साइटवर हिंदी, गोव्यात गेलं की कोंकणी पण जमते. बेंगळुरात क्लायंटचा इंजिनिअर कन्नडमध्ये भडकतो, फिटर हिंदीत उत्तर देतो, मध्ये उभा राहून दोघांना समजावणारा बेळगावचा पोरगा मी कितीतरी साइटवर बघितलाय. सीमेचं काय व्हायचं ते होईल, पगार वाढतो तो असल्या पोराचा.

आता विनंती. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आपल्याच बेळगावात आहे, कॉलेजं आहेत, पॉलिटेक्निक आहेत. शेवटच्या वर्षाच्या पोरांना एकदा तरी एखाद्या मोठ्या बिल्डिंगचा प्लांट रूम, म्हणजे चिलर आणि पंप बसवलेली खोली, दाखवा की, परवानगी मागितली तर बहुतेक लोक देतात. गावातल्या एसी आणि फायर कॉन्ट्रॅक्टरांनी पण एक-दोन डिप्लोमावाले अप्रेंटिस घ्यावेत, अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, पण घेतला तर त्याला टेप धरून मेजरमेंट करू द्या, नुसता झेरॉक्स काढायला पाठवू नका. आणि आपण पेपरात करिअरचं पान काढता त्यात एखाद्या रविवारी फोरमनला बोलतं करा.

भाचा सोमवारच्या पहिल्या बसनं चोर्ला घाटातून गोव्याला निघालाय, सेफ्टी शूज घेतलेत. त्याची आई म्हणते, एसीचं काम म्हणजे दिवसभर थंडीतच असेल की, एक स्वेटर देऊ काय? एसी सगळ्यात शेवटी चालू होतो हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, खानापूर