शनिवारच्या भेटीची आठवण

आपल्या संशोधक-प्राध्यापिकांच्या गटातल्या सर्व सभासद मैत्रिणींना नमस्कार,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता ठाण्यात तलावपाळीवर, गडकरी रंगायतनसमोर जमायचं आहे. वेळ मुद्दाम दुपारची ठेवली आहे. मागच्या महिन्यात एका परिषदेत माझ्या पेपरचं सगळ्यांनी कौतुक केलं. नव्या प्रकल्पात कोण असणार हे मात्र रात्रीच्या जेवणावर ठरलं, आणि तेव्हा मी वाशीहून ठाण्याची लोकल पकडून पाळणाघर गाठत होते. दुसऱ्या दिवशी यादी आली, त्यात माझं नाव नव्हतं. आपल्यापैकी कितीतरी जणींचं असंच झालंय.

१९३३ साली जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना (तेव्हाच्या भागवत) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेशच नाकारला होता, केवळ बाई म्हणून. आज प्रवेश मिळतो, पण सहलेखक आणि शिफारशी अजूनही ओळखीतूनच मिळतात. म्हणून आपल्या ओळखी आपणच वाढवू या.

सध्याचं काम, प्रयोगशाळेतलं कोणतं उपकरण दुसरीला वापरायला देता येईल आणि कुठे सहलेखिका हवी आहे, हे कागदावर लिहून आणा. मुलांना आणलंत तरी चालेल. नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापिकांना आग्रहाने सोबत आणा. विभागात त्यांना विचारायलाही कोणी नसतं.

गुरुवारपर्यंत गटावर कळवा.

– संयोजिका