श्रद्धा वाढली की गेली?

प्रिय अनू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं ते तुझ्या शेवटच्या ओळीमुळे. "दोन वर्षं धर्म शिकतेयस, तर श्रद्धा वाढली की गेली?" हे मला सगळेच विचारतात गं. निम्म्यांना वाटतं मी आता प्रवचनं करणार, उरलेल्यांना वाटतं नास्तिक होऊन परतणार. त्यांना हसून टाळते, तुला कशी टाळू?

आधी आम्ही करतो काय ते सांगते. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं, हे पहिल्याच तासाला आमच्या डोक्यात ठोकून बसवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सरकारी शाळांमधलं भक्तिभावाचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. पण त्याच निकालात, धर्माचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही असंही म्हटलं. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग वाढत गेले. इंग्लंडात लँकेस्टरला निनियन स्मार्ट यांनी विभाग सुरू केला तो १९६७ साली. एकच धर्म माहीत असलेल्याला एकही माहीत नसतो, अशा अर्थाचं मॅक्स म्यूलर १८७० मध्येच लंडनच्या व्याख्यानांत बोलून गेला होता. आमच्या वर्गात ते वाक्य इतक्यांदा येतं की आता कुणी उच्चारलं की आम्ही एकमेकींकडे बघतो.

पहिलं सत्र नुसतं 'धर्म म्हणजे काय' यात गेलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम १९१२ मध्ये म्हणतो, पवित्र मानलेल्या गोष्टींभोवती एकत्र येणारा समाज. जर्मन धर्म-अभ्यासक ओटो १९१७ मध्ये म्हणतो, जे धडकी भरवतं आणि तरीही ओढून घेतं ते. प्रत्येक व्याख्या दोन तास टिकायची, तिसऱ्या तासाला बाई तिच्या चिंध्या करायच्या. मराठीत विचार करणारीची तर अजूनच पंचाईत. पाणी वाहतं तो त्याचा धर्म, अडीनडीला धावून जाणं हा शेजारधर्म, दानधर्मातही धर्म, आणि अर्जाच्या रकान्यात भरतो तोही धर्मच! 'रिलिजन' म्हणून आम्ही शिकतो ते यातलं फक्त शेवटचं. यावर निबंध लिहिला, त्या सत्रातले माझे एकमेव बरे गुण.

पण खरी फजिती झाली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत. आपल्या ओळखीच्या नसलेल्या एका उपासनेला तासभर बसून टिपण आणा, असं काम होतं. गेले. वीसेक माणसं, खुर्च्या समोरासमोर, आणि कुणी अक्षर बोलेना. मी पेन सरसावून बसलेली. कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली. चाळीस मिनिटांनी एक बाई उठल्या, आपल्या आजारी भावाबद्दल दोन वाक्यं बोलल्या नि बसल्या. पुन्हा शांतता. शेवटी सगळ्यांनी हस्तांदोलन केलं, संपलं. मी टिपणात लिहिलं : 'एका तासात विशेष काही घडलं नाही.'

समासात लाल शाईने शेरा आला : 'खुर्च्या समोरासमोर का? मंच कुठे होता? आधी कोण उठणार हे कुणी ठरवलं?'

डोळे उघडले. तिथे मंच नव्हता, कारण मधला पुरोहितच नाही. आतून बोलावंसं वाटलं तर कुणीही उठावं. त्यांचं अख्खं तत्त्वज्ञान त्या खुर्च्यांच्या मांडणीत होतं, आणि मी मात्र मंत्र-घंटा शोधत बसले होते.

याचा उपयोग काय, हेही तू विचारलंयस. १९९३ मध्ये टेक्सासात वेकोजवळ एका पंथाच्या वस्तीला सरकारी यंत्रणेचा ५१ दिवस वेढा होता. आतला म्होरक्या बायबलमधल्या सात मुद्रांवर (जगाच्या अंताच्या भाकितातल्या गुंडाळीवरची सात सीलं) तासन्‌तास बोले, नि बाहेरच्यांना ती बडबड वाटे. दोन धर्म-अभ्यासकांनी ती भाषा समजून घेऊन त्याच्यापर्यंत रेडिओवरून पोचायचा प्रयत्न केला. शेवटी १९ एप्रिलला आग लागली, लहान मुलांसह सत्तरहून जास्त माणसं गेली. अभ्यासकांचं ऐकलं असतं तर ती वाचली असती असं छातीठोकपणे नाही म्हणणार मी. पण त्या मुद्रांचा अर्थ लावता येणारी माणसं तिथे हवी होती, एवढं नक्की.

नोकरीचं म्हणशील तर या पदवीच्या नावाची नोकरी नसते. मुलं कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, शिक्षण अशा वाटांना जातात. पुढे संशोधन करायचं तर मूळ ग्रंथांची भाषा शिकण्यावाचून सुटका नाही. मी पाली घेतली आहे. रूपं पाठ करताना घशाला कोरड पडते.

आता तुझा प्रश्न. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तुमच्याकडे आले होते, आठवतं? आजी प्रार्थना म्हणत होत्या आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. "आजी, यातली शेवटची कडवी नंतर कुणीतरी घातलेली आहेत," असं मोठ्या रुबाबात सांगितलं. त्या "हो का" म्हणाल्या, पुस्तक मिटलं आणि उरलेलं पाठ म्हणून संपवलं. तू हसलीस. मला तेव्हा काहीच बोचलं नाही.

यंदा विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या धर्म-अभ्यासकाला वाचताना बोचलं. एखाद्या धर्माबद्दलचं विधान त्या धर्माच्या माणसांनाही आपलं वाटायला हवं, असं त्यांनी १९५९ मध्ये लिहिलंय. मला ते पूर्ण पटत नाही. भक्तांना रुचेल तेवढंच लिहायचं, तर अभ्यास कशाला? कडवी नंतरचीच आहेत, हे मी आजही म्हणेन. पण आजी ती साठ वर्षं का म्हणतायत, हे मी विचारलंच नव्हतं. माझी श्रद्धा होती तिथेच आहे बहुधा, अधूनमधून डळमळते. गेला तो रुबाब.

म्हणून एक काम आहे तुझ्याकडे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मला रोज प्रार्थना म्हणणाऱ्या माणसांशी बोलायचंय. आजी बोलतील का, विचारशील? नाव कुठेही येणार नाही, नको वाटलं तर मध्येच थांबू. आणि त्या नाही म्हणाल्या, तर मन वळवायला जाऊ नकोस.

तुझी,
मीरा