आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. पुण्याची नोकरी मी घेतली नाही. इथे सही करून टाकली, २०३० पर्यंत जिनिव्हालाच.

बाबा, ऐका की. सर्नचं, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचं, ते प्रोटॉनच्या टकरी घडवणारं २७ किलोमीटरचं गोल मशीन २०२६ च्या मध्यात बंद होतंय, पुढची काही वर्षं दुरुस्ती, आणि परत चालू झालं की टकरी इतक्या वाढणार की आमच्या सीएमएस डिटेक्टरच्या (टकरीतून उडालेले कण टिपणारं यंत्र) दोन्ही टोकांचे जुने कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारे भाग, त्या रेडिएशनमध्ये टिकणारच नाहीत. तिथे सिलिकॉनचे नवीन बसवायचेत, पीएचडीपासून माझं तेच चाललंय, आणि डिटेक्टर असा उघडा रोज रोज मिळत नाही हो. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे मी काही परक्यांकडे राबत नाहीये (हे तुमच्या कट्ट्यावर सांगायला).

आई, जमिनीखाली शंभर मीटर म्हणून घाबरू नको. लिफ्ट आहे, हेल्मेट असतं, रेडिएशन मोजायचा बिल्ला कायम अंगावर, आणि बीम चालू असताना खाली कुणाला सोडतच नाहीत. जेवते नीट. कडक भाकरी आमटीत चुरून, वर तुझी शेंगाचटणी, अजून पुरतेय.

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघून "हा पडत का नाही" म्हणून मी घरी येईपर्यंत डोकं खाल्लं होतं आणि बाबांनी अंगणात पाण्याची बादली गरगर फिरवून दाखवली, अर्धं पाणी आईच्या वाळवणावर! आता तसंच गोल फिरणारे प्रोटॉन वळवायला मॅग्नेट लागतात, उणे २७१ अंशाला गार केलेले. आणि तुम्ही सोलापूरच्या ४४ अंशात दुपारी बँकेत जाता. बारा ते चार बाहेर पडायचं नाही. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. नळाला पाणी आलं की आईनं कळश्या उचलायच्या नाहीत, मोटर लावायला दादाला पैसे पाठवलेत, त्याला विचारा. मोतीबिंदूचं जानेवारीत करू, मी गड्ड्याला येतेय, सुट्टी मंजूर आहे, तेव्हा डॉक्टरांची तारीख आत्ताच घेऊन ठेवा.

आत्याला मात्र तुम्ही काही बोलू नका, मी सांगते. ती अर्धं ऐकते आणि उरलेलं स्वतः रचते.

तुमची,
चिमी