चपला घालूनच ये

येळ्ळूर,
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

चि. दादास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून चिमीच्या वहीची मधली पानं काढून बसलेय. हुबळीला कुणीतरी जाणार असेलच, चिवड्याच्या डब्याबरोबर पाठवून देते. आधी पत्र वाच, मग डबा उघड. मित्रांच्या हातात डबा पडला की तुझं लक्ष पत्रात राहायचं नाही.

काल एक तारीख. बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी, त्यामुळे पप्पा दिवसभर घरातच. दुपारी चिमीनं विषय काढला. फेब्रुवारीत तिची औषधं बंद होऊन 5 वर्षं होतील, तर नाताळच्या सुट्टीत परत गोव्यात मिरामारला जाऊया, आता आपल्या पैशानं. माझी भिशी डिसेंबरात लागणार आहे, म्हणून मीही होकार दिला. तुला फोन लावला आणि तू म्हणालास, "तुम्ही तिघंच जा आई. मला नको."

तिघंच. फोन ठेवल्यावर मी पप्पांवरच चिडले. म्हटलं, बघा, अजून त्याच्या मनातून जात नाही. लहानपणी बहिणीवर जळायचा, आता एवढा घोडा झाला तरी तेच. पप्पा तुला माहीतच आहेत, लेथवर दिवस काढतील पण तोंडातून चार शब्द काढणार नाहीत. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तो जळत नव्हता."

पुढं जे सांगितलं ते ऐकून रात्रभर डोळा लागला नाही. ते लिहितेच, खरं आधी मला जे आठवतं ते लिहू दे. म्हणजे मी कुठं चुकले ते तुला कळेल. मलाही लिहिता लिहिताच कळेल बहुतेक.

2018 चा जुलै. रोपलागणीचे दिवस. चिमीचा ताप उतरत नव्हता, पाय दुखतात म्हणून रडायची, मांडीवर न पडता निळे डाग उठायचे. मला वाटलं, चिखलात खेळून आली असेल. आठ दिवसांत रक्ताचा कर्करोग असं नाव पडलं. लहान मुलांत हा बरा होतो, पण औषध अडीच वर्षं चालतं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी फक्त 'अडीच वर्षं' एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून तू आजीच्या हवाली. तुझा डबा, तुझी फी, तुझा गणपतीतला नाच, तुझा मोडलेला दात, यातलं मला काही आठवत नाही. आठवत नाही म्हणजे मी तिथं नव्हतेच. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चिमी रात्री दोनला मसालेभात मागायची आणि मी उठून कांदा चिरायची. तू अंथरुणात जागा आहेस हे दिसायचं. कधी विचारलं नाही, तुला हवाय का म्हणून.

मग दवाखान्यातल्या ताईंनी एका संस्थेबद्दल सांगितलं. मोठ्या आजारातल्या मुलांची एक इच्छा ती पुरवते. ती मरायला टेकलेल्या मुलांसाठीच असते असं नाही, उपचार चालू असलेल्या, बऱ्या होणाऱ्या मुलांनाही मिळते, हे ताईंनी मला दोनदा समजावलं. दोनदा, कारण पहिल्यांदा ऐकून मी रडायला लागले होते. खरं हे समजावणं माझ्यापुरतंच राहिलं. घरात येऊन मी कुणाला सांगितलं नाही. पाव्हण्यांपैकी एक बाई स्वयंपाकघरात बसून आजीला म्हणाल्या, "शेवटची इच्छा विचारतात म्हणे लेकराला." मी भांडी आपटली, पण बोलले नाही. तू तिथंच उंबऱ्यावर गणितं सोडवत होतास.

आणि तो फॉर्म! आपल्या सीमाभागाचं हे एक आहे, आधार कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, दवाखान्याचे कागद इंग्रजीत, आणि चिमीचं नाव तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हेचं. फॉर्म इंग्रजीत होता. मला येत नाही, पप्पांना वेळ नाही, म्हणून तुला बसवलं. अकरा वर्षांचा तू, शाळेची डिक्शनरी घेऊन एकेक शब्द काढत होतास. एका ओळीला अडखळलास आणि बराच वेळ डिक्शनरी मिटलीच नाहीस. मी म्हटलं, "लवकर आटप की, काय करूलालास एवढं?" तिथं आजाराच्या नावाआधी 'जिवावर बेतणारा' अशा अर्थाचा शब्द होता. तो शब्द मी माझ्या पोराकडून लिहून घेतला.

चिमीला त्या लोकांनी आम्हाला बाहेर बसवून विचारलं. कागद-खडू दिले. तिनं कागदभर निळा फासला आणि 'समुद्र' म्हणाली. गल्लीत हसले सगळे. सव्वाशे किलोमीटरवर पणजी, मागायचंच होतं तर काहीतरी मोठं मागायचं! खरं आपण तरी कुठं बघितला होता समुद्र? गोव्याच्या गाड्या पिरनवाडीच्या फाट्यावरून रोज वळताना बघायच्या, एवढंच.

पहिली तारीख डिसेंबरातली. आदल्या रात्री चिमीला ताप भरला. शंभराच्या वर गेला की तासाभरात दवाखाना गाठायचा, हा नियम तुलाही पाठ होता. शेजारच्यांच्या ओमनीत तिला घालताना मी मागं वळून बघितलं, तर तू दारात उभा आणि तुझ्या चेहऱ्यावर हसू. मी काय म्हणाले ते तू विसरला असशील तर बरं. मी विसरले नाही. "बहीण तापानं फणफणतेय आणि तुला हसू येतंय?" जानेवारीतली तारीख पांढऱ्या पेशी खाली आल्या म्हणून गेली, तेव्हा तू आजीकडून पैसे घेऊन गोड म्हणून कुंदा आणलास. मी त्याला हातही लावला नाही.

शेवटी फेब्रुवारीत जमलं. शनिवारी सकाळी संस्थेची गाडी दारात, चिमी टोपी-मास्क घालून पुढं बसलेली, आणि तुझा डावा बूट सापडेना. अर्धा तास घर उलथंपालथं केलं. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि चपलांवर गाडीत कोंबला. महिन्यानं आजीला तो बूट तांदळाच्या पिंपात तळाशी मिळाला. तेव्हाही मी हेच म्हटलं, जळका मेला.

प्रवासात तू खिडकीकडं तोंड करून. जांबोटी गेली, कणकुंबी आली, ड्रायव्हरनं मलप्रभेचा उगम दाखवला. मी हात जोडले. ही पुढं सौंदत्तीला जाते, तिथं यल्लमाला आजीचा नवस होता. चोर्ल्याच्या वळणांवर चिमीला दोनदा उलटी झाली. तू पिशवी धरलीस, न सांगता. हे मला काल रात्री आठवलं. इतकी वर्षं आठवलंच नव्हतं बघ.

मिरामारला चार वाजता पोचलो. चिमीच्या दंडात पिक लाईन होती. शिरेतून घातलेली ती बारीक नळी पार काळजाजवळ पोचलेली, तिला समुद्राचं पाणी लागलं तर जंतू थेट रक्तात. म्हणून घोट्यापर्यंतच पाणी, तेही माझा हात धरून. ड्रेसिंगवर पप्पांनी स्वयंपाकातलं प्लास्टिक गुंडाळलं होतं, वरून तुझ्या जुन्या मोज्याचा पाय कापून बाहीसारखा चढवलेला. पहिली लाट आली, परत फिरली आणि तिच्या टाचांखालची वाळू सरकली. ती किंचाळली, "आई, जमीन पळूलालीय!" मग खाली बघत, पायाची बोटं आवळत, पुढच्या लाटेची वाट बघत उभी. सात महिन्यांत पहिल्यांदा ती सुईची सोडून दुसऱ्या कशाची तरी वाट बघत होती.

आणि तू वीस पावलांवर, समुद्राकडं पाठ करून. फोटो काढायला बोलावलं तर येईनास. त्या फोटोत तुझा फक्त कान आलाय. मी तुझ्याजवळ येऊन दात-ओठ खाऊन म्हणाले, "एक दिवस तरी तिचा नीट जाऊ दे. सारखं तुझंच काय?" तू काही बोलला नाहीस. चालत पप्पांकडं गेलास.

इथून पुढचं मला काल कळलं.

तू पप्पांना विचारलंस, "आता इच्छा पुरी झाली. घरी गेल्यावर काय होणार?" पप्पांना काही उमगलं नाही. ते म्हणाले, "काय होणार? मंगळवारी इंजेक्शन." तू म्हणालास, "मंगळवारी ती असणार?" "असणार म्हणजे? मंगळवारी विंक्रिस्टिन, मग रोजच्या गोळ्या, अजून दोन वर्षं." तेव्हा तू वाळूत मटकन बसलास म्हणे आणि हुंदके देऊन रडलास. फाशी देण्याआधी शेवटची इच्छा विचारतात, तसंच हे असतं असं तुला वाटत होतं. सहल झाली की ती जाणार. म्हणून ताप आल्यावर हसलास. म्हणून कुंदा. म्हणून बूट.

दोन महिने, दादा. अकराव्या वर्षी, एकट्यानं. आणि मी तुला जळका म्हणत होते.

पप्पांना तू शपथ घातलीस, आईला सांगू नका, तिला आधीच खूप ताप आहे. आणि त्या माणसानं साडेसहा वर्षं ती पाळली! मी काल त्यांच्याशी भांडले. पोराची शपथ पाळताना त्याला रोज माझ्याकडून बोलणी बसत होती, ते दिसत नव्हतं का तुम्हाला? तर म्हणतात, "मला वाटलं, तुला नंतर कळलं असेल." कसं कळणार? तुम्ही दोघं सारखेच.

मला तेव्हा दिसलं ते एवढंच, की तू गाड्यावरून भजी खाऊन आलास आणि एकदम बदललास. मी मनात म्हटलं, भूक लागली होती, पोटात गेल्यावर राग गेला. तू चपला भिरकावल्यास, चिमीच्या शेजारी उकिडवा बसलास आणि तिला मास्तरांसारखा शिकवायला लागलास. सकाळी कणकुंबीला बघितली ती मलप्रभा उलटी पूर्वेला जाते, कृष्णेत मिळते, बंगालच्या उपसागराला. आणि आपल्याच खानापूर तालुक्यातली म्हादई इकडं येते, गोव्यात तिला मांडवी म्हणतात, ती इथंच, या समोर, समुद्राला मिळते. चिमीनं विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आपलं पाणी आपल्या आधी पोचलंय." तू इतका हसलास की गुडघ्यापर्यंत पाण्यात कोलमडलास आणि जीवरक्षकानं शिट्टी मारली.

तो हसण्याचा आवाज माझ्या कानात आहे. मी तो भज्यांच्या खात्यावर लिहून ठेवला होता.

चिमीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. ती कालपासून मात्र एकच विचारतेय, दादा का नको म्हणाला. नववीत गेली तरी अक्कल तेवढीच, तुझी खोली आवरून ठेवलीय. तुझी अजूनही यायची इच्छा नसेल तर नको येऊस, मी रागावणार नाही, आणि तिलाही समजावेन. दोन महिने ज्या जागेची धास्ती घेतलीस ती जागा तुला नकोशी असेल, हे मला आता समजतं. तिथंच जायला पाहिजे असंही नाही. वेंगुर्ला आहे, आपल्या आंबोलीच्या रस्त्यानं.

फक्त 'तिघं' म्हणू नकोस. पप्पांनी सकाळी गाडीवाल्याला विचारलं, तेव्हा माणसं चार सांगितली आहेत.

चिवड्यात शेंगदाणे जास्त घातलेत. हळद संपली होती म्हणून रंग फिका आहे. परीक्षा कधी संपते ते फोन करून सांग, मला नाही तर चिमीला. आणि यायचं ठरवलंस तर नव्या बुटांचा खर्च करू नकोस, चपला घालूनच ये. पिंपात यंदा नवा तांदूळ भरायचा आहे.

तुझी,
आई